भिंग बरोबर आहे

भिंतीवरचा फोटो सरळ करायला महानंदाने सांगितलं आणि सिद्रामप्पाने तो वाकडा करून ठेवला. झालं ते असं की तो सकाळी कामाला निघाला होता, पायात चपला, हातात डबा, आणि तव्यापुढे बसलेली ती म्हणाली, "ओ, जाता जाता मामांचा फोटू तेवढा सरळ करा की. कवाधरनं वाकडा दिसायलाय." मामा म्हणजे तिचे सासरे, सिद्रामप्पाचे वडील. त्याने पाहिलं, फोटो सरळच होता. एखाद्या दुकानाची पाटी बोटभर कलली तरी दातात सुपारीचा कण अडकल्यासारखं ज्याला दिवसभर होत राहायचं, त्याला आपल्या घरातला फोटो वाकडा आहे का सरळ हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. पण बायकोचा शब्द म्हणून त्याने एका कोपऱ्याला बोट लावलं. "अजून," ती म्हणाली. त्याने अजून लावलं. "अजून जरा. हां. बास. आता बसला बघा नीट." त्याने हात काढला. वडील फेट्यासकट डाव्या अंगाला कलले होते, एसटीच्या खिडकीतून कुणाला तरी शोधत असल्यासारखे. जिवंतपणी ते कधी कुणापुढे एवढेही वाकले नव्हते. सिद्रामप्पाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं, कारण महानंदा मोठ्या समाधानाने फोटोकडे बघत होती आणि बघताना तिने पिठाच्या बोटाने चष्म्याची उजवी काडी जराशी वर उचलून धरली होती.

"आण बघू तो चष्मा," तो म्हणाला. "भिंग फिरलं असंल."

"तुमच्या हातचं? आन् फिरतंय?" तिने असं विचारलं की जणू कुणी तिच्या माहेराला नाव ठेवलं. "फिरतं की. ह्ये नवीन गुळगुळीत भिंगं लई निसटत्यात," तो म्हणाला. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि दिला, आणि कोनाड्यातला जुना, चरे पडलेला चष्मा चढवला. सिद्रामप्पाने तिचा चष्मा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि बाहेर पडला. बाळीवेशीतून नवी पेठेपर्यंतचा रस्ता त्याच्या पायांना पाठ होता. चैत्राचं ऊन सकाळीच भिंतींवर चढलं होतं, यंत्रमागांचा खडखडाट गल्लीतून येत होता, आणि खिशातला चष्मा चालताना छातीवर हलका हलका आपटत होता. एवढासा चष्मा. प्लास्टिकची भिंगं, त्यांना वजन ते काय. पण त्याला वाटत होतं की सगळा सदरा त्या बाजूला ओढला जातोय.

तसं पाहिलं तर हा चष्मा सोमवारीच दुकानात न्यायचा होता. शनिवारी त्याने जेवताना सहज ऋतुजाजवळ विषय काढला होता. ऋतुजा ही दुकानात डोळे तपासणारी मुलगी, नातेपुत्याची, शिकून आलेली, बोलायला गोड आणि कामाला चोख. भाकरी तव्यावर टाकताना अर्धी बाहेर जाते, जिना उतरताना पाय चाचपत जाते, दाराची चौकट तिरकी दिसते म्हणते, असं त्याने हसत हसत सांगितलं, बायकोच्या गमती सांगाव्यात तसं. ऋतुजा हसली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "काका, असं तिरकं दिसायला लागलं की मी आधी चष्मा बघते. काकूंचा सिलिंडरचा, म्हणजे ठरल्या कोनातच बसवायचा, नंबर मोठा आहे. भिंग थोडं जरी फिरलं असेल तरी त्यांना भिंत पडल्यासारखी दिसेल. तसं असेल तर बरंच झालं, भिंग बदला, मिटलं." "आन् नसंल तर?" तो म्हणाला होता. "नसेल तर मग डोळा वळवणारी नस कुठं आत दाबली जातेय का, ते बघायला लागेल. डोक्याचा फोटो काढतात. मग मात्र एक दिवससुद्धा थांबायचं नाही हां, काका. मी सांगते त्या डॉक्टरांकडे जायचं. पण आधी चष्मा आणा तुम्ही." त्यावर तो व्हय म्हणाला. सोमवारी चष्मा आणायचा विसरला. मंगळवारीही विसरला. ऋतुजाने विचारलं की कपाळावर हात मारून घ्यायचा. विसरणं हे किती कष्टाचं काम असतं ते त्याला या दिवसांत कळलं.

दुकानाच्या मागे, काचेच्या दारापलीकडे, त्याची खोली होती. पुढे मालक उदयसिंह, ऋतुजा, आरसे, दिवे, एसी. मागे सिद्रामप्पा, मशीन, पाण्याची बादली आणि पांढरा गाळ. पुढच्या लोकांनी डोळा तपासायचा, चौकट विकायची. भिंग चौकटीच्या मापाला घासून त्यात बसवायचं ते याने. डाव्या कोपरापाशी नंबर बघायचं जुनं यंत्र होतं, लेन्सोमीटर. त्यात चष्मा ठेवायचा, डोळा लावायचा, चक्र फिरवायचं. हिरव्या रेघा सरळ जुळल्या की भिंगाचा नंबर आणि कोन समोर. चहा निवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. सिद्रामप्पाने खिशातला चष्मा काढून यंत्राशेजारी ठेवला. मग टेबल पुसलं. मग मशीनमधलं पाणी बदललं, जे कालच बदललं होतं. मग चष्मा उचलून परत खिशात ठेवला, इथे गाळ उडेल म्हणून. स्वतःशीच असा लपंडाव खेळणाऱ्या माणसांचा त्याला एरवी राग यायचा.

भिंग घासायचं म्हणजे आधी त्याच्या पोटाला चिकट गोल पट्टी लावायची, तिच्यावर पकड बसवायची, आणि ती पकड मशीनला द्यायची. मशीन भिंग फिरवतं आणि चाक त्याला घासतं. पूर्वी हे काम सोपं होतं. भिंगाला पट्टी अशी चिकटायची की काढताना नखं दुखायची. आता आलेल्या भिंगांवर अशी लेपनं असतात की पाण्याचा थेंब टिकत नाही, तेल टिकत नाही, पेनाची शाईसुद्धा जेमतेम धरते. मग तिथे ती बिचारी पट्टी काय टिकणार. चाकाचा जोर आला की भिंग पट्टीखालून किंचित सरकतं. आकार तर बरोबर येतो, चौकटीत बसतंही झकास, फक्त नंबराचा कोन फिरलेला असतो, आणि वरून बघून कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून सिद्रामप्पाने आपली एक रीत बसवली होती. भिंग आधी स्पिरिटने पुसायचं, मग त्याला बोट लावायचं नाही. दोन्ही अंगांना पातळ चिकट कागद लावायचा, पट्टी त्या कागदावर. कोन दाखवणारे तीन ठिपकेही कागदावरच द्यायचे. पकडीचा जोर कमी. आणि एकदम मापाला जायचं नाही; आधी मोठं घासायचं, मशीन थांबवायचं, ठिपके रेघेत आहेत का बघायचं, मग शेवटचा हात. इतर दुकानांतले फिटर हसायचे त्याला, म्हणायचे, अप्पा भिंग घासतोय का नवरी नटवतोय. पण त्यांची भिंगं फिरायची आणि याचं एकही फिरत नव्हतं. उदयसिंह नव्या गिऱ्हाइकाला मागे बोट दाखवून सांगायचा, आमच्या अप्पांच्या हातून फिरलेलं भिंग दाखवा आणि चष्मा फुकट न्या.

अकराच्या सुमारास त्याला पुढे बोलावणं आलं. एक गृहस्थ नवीन चष्म्याची तक्रार घेऊन आले होते, जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणत होते. हे रोजचंच. असं कुणी आलं की उदयसिंह सिद्रामप्पाला हाक मारायचा, सिद्रामप्पा हात पुसत यायचा, चष्मा मागे नेऊन यंत्रात बघायचा आणि परत येऊन म्हणायचा, "भिंग बरोबर आहे. चार दिवस घाला, सवय होईल." गिऱ्हाइकाशी तो असं शुद्ध बोलायचा. हे वाक्य त्याने आजवर किती तोंडांवर म्हटलं असेल त्याला गणती नाही, आणि ते म्हणताना त्याला दर वेळी बरं वाटायचं, कारण त्याचा अर्थ तो मनात असा लावायचा की माझं काम बरोबर आहे. आज त्याने त्या गृहस्थांचं भिंग पाहिलं, बरोबर होतं, आणि तो तेच वाक्य म्हणाला. गृहस्थांनी मान हलवली आणि पायरी चाचपत उतरले. सिद्रामप्पा काचेतून त्यांच्याकडे बघत राहिला. ज्यांची भिंगं बरोबर निघाली ती माणसं पुढे कुठे जातात? त्याने हे कधी विचारलं नव्हतं. भिंग बरोबर निघालं की यंत्राचा दिवा बंद, विषय संपला. पण माणसाची जमीन तर वर आलेलीच असते. सवय होणाऱ्यांना होते. जे परत आले नाहीत त्या सगळ्यांना सवय झाली, असं धरून त्याने आयुष्य काढलं होतं.

"काका, आणलात?" ऋतुजाने डोळे तपासायच्या खोलीतूनच विचारलं.

"आणलाय की. बघतो," तो म्हणाला आणि काचेचं दार ओढून घेतलं.

आता त्याच्या मनाने वकिलासारखं काम सुरू केलं. भिंग फिरलेलं असलंच पाहिजे, पुरावा तेवढा गोळा करायचा होता. दिवाळीनंतर केलेला चष्मा. महानंदा घरी कडक भाकरी करून विकते, पापडासारख्या वाळवलेल्या, पुण्यापर्यंत जातात. तव्याची वाफ आणि पीठ बसून बसून जुन्या भिंगांची पार रया गेली होती. म्हणून त्याने उदयसिंहाला सांगून भारीतली भिंगं मागवली होती, ज्यांवर काही म्हणता काही चिकटत नाही. त्या दिवशी कागद संपले होते का? संपले असतील. दिवाळीत माल उशिरा येतो. कागद नाही म्हणून नुसती पट्टी लावून घासलं असेल. किंवा मध्येच लाईट गेली असेल; चाक झटक्याने थांबलं की भिंग हमखास सरकतं. सोलापुरात लाईट कधी जात नाही? तो डोळे मिटून तो दिवस उकरायला लागला, लाईट गेल्याचा अंधार त्यात कुठे सापडतो का बघायला लागला. सापडलं ते भलतंच. नवं पाकीट फोडून काढलेले कागद सापडले. तिचं म्हणून एकाऐवजी दोन कागद लावल्याचं आठवलं. घासायला बसण्यापूर्वी त्याने दुकानापुढे खेळणाऱ्या पोराटोरांना दम देऊन आवाज बंद करायला लावला होता. घरी नेल्यावर महानंदाने मोरीत बसून भिंगावर तांब्यातलं पाणी थेंब थेंब सोडलं होतं, आणि थेंब मोत्यासारखे घरंगळून पळाले की लहान पोरीसारखी हसत म्हणत होती, "अय्या, टिकतच न्हाय ओ! ह्याच्यावर कायबी टिकत न्हाय!" आणि मग आतून सुई आणून पहिल्याच झटक्याला दोरा ओवून दाखवला होता.

दोरा ओवला होता. वकिलाने हा साक्षीदार घाईघाईने बाहेर काढला. फिरलेल्या भिंगातून पहिल्याच दिवशी दोरा ओवता येत नाही, हे सिद्रामप्पाला सांगायला कुणी नको होतं. म्हणून त्याने संक्रांतीचा विचार सुरू केला, तर तिथे उजेड त्याहून वाईट. सिद्धरामेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली होती. पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या माणसांचा लोट, हलग्या, आणि त्यांच्या डोक्यांवरून घरांच्याही वर चढलेल्या त्या उंच काठ्या. तरुणपणी सिद्रामप्पाने काठी अंगावर पेलली होती. काठी कलायला लागली की ते डोळ्यांच्या आधी तळपायाला कळतं. तेव्हापासूनच त्याच्यात हे सरळपणाचं वेड शिरलं असावं. यंदा तो महानंदाबरोबर कडेला उभा होता. "हर्र बोला हर्र" म्हणून सगळे हात वर गेले तेव्हा ती त्याच्या दंडाला धरून कानाशी ओरडली, "ओ, काठ्या कललेत! पडतील की!" आणि त्याने वर पाहिलं. काठ्या ओळंब्यासारख्या सरळ होत्या. त्याला राग आला होता. काठी कलली म्हणणं त्यांच्यात चांगलं समजत नाहीत. तो तिच्यावर खेकसला होता, तोंड बंद ठेव म्हणाला होता, आणि ती गप्प झाली होती. तेव्हापासून ती कशालाही वाकडं म्हणायचं टाळत होती, हे आज त्याच्या लक्षात आलं. चौकट तिरकी दिसते हेसुद्धा तिने त्याला नव्हतं सांगितलं, शेजारच्या मल्लव्वाला सांगितलं होतं. आज सकाळी फोटोचं तेवढं तोंडून गेलं. वाकडा दिसणारा फोटो रोज समोर असताना किती दिवस दाबून ठेवलं असेल तिने. सिद्रामप्पाला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्या लाजेच्या खालून भीती वर आली, थंड, मशीनच्या पाण्यासारखी.

जेवायची सुट्टी झाली. त्याने डबा उघडला. भाकरीवर शेंगाचटणी होती आणि भाकरीची एक कड करपून काळी झाली होती, जी तव्याबाहेर लोंबत राहून आचेवर गेली असणार. त्याने ती कडही खाल्ली.

दुपारच्या कामात एक भारीतला चष्मा होता, गुळगुळीत लेपाचा, मोठ्या सिलिंडरचा. कुणाचा होता कोण जाणे. सिद्रामप्पाने भिंग पुसलं, ठिपके दिले, पट्टी लावली, पकड बसवली, मशीनला दिलं. चाक लागलं. नेहमीचा एकसुरी आवाज सुरू झाला आणि त्या आवाजात त्याचं मन परत मोरीतल्या थेंबांकडे गेलं. तेवढ्यात मशीनमधून बारीक कुईं असा आवाज आला. उंदराचं पिल्लू दारात सापडावं तसा. क्षणभर, मग पुन्हा एकसुरी. सिद्रामप्पाने झटकन मशीन थांबवलं आणि भिंग बाहेर काढलं. कागद लावायचा राहिला होता. ज्या हातांनी आजवर हजारो कागद लावले ते आज विसरले होते. ठिपक्यांची ओळ पकडीवरच्या रेघेपासून स्पष्ट कलली होती, अगदी बापाच्या फोटोएवढी. फिरलं होतं. त्याच्या हातचं भिंग फिरलं होतं.

त्याला दुःख व्हायला हवं होतं. तो ते भिंग उजेडात धरून अधाशासारखा बघत राहिला. इतकं सोपं असतं? एवढी एक कागदाची चकती राहिली की झालं? मग त्या दिवशी का नाही राहिली? इतक्या लोकांची चौकशी करत बसलेला देव त्या दिवशी या दोन हातांना एवढा विसर का पाडू शकला नाही? एका परक्या माणसाच्या भिंगाला जे मिळालं ते तिच्या भिंगाला मिळालं असतं तर तो आज नाचत घरी गेला असता. आणि मग त्याला तो आवाज आठवला. कुईं. असा आवाज कानात एकदा शिरला तर माणूस जन्मभर विसरत नाही. तिच्या भिंगाच्या वेळी खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता त्याने स्वतःच करवून घेतली होती. त्या शांततेत चाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सुरात चाललं होतं.

उदयसिंह आत आला, भिंग पाहिलं आणि चकित झाला. "अप्पा! तुमच्या हातून? मी तर पहिल्यांदाच बघतोय." मग त्याचा चेहरा पाहून लगेच मऊ झाला. "असू द्या की. माणूस आहे, मशीन आहे. दुसरं मागवू. तुम्ही काय मनाला लावून घेऊ नका."

"न्हाय घेत," सिद्रामप्पा म्हणाला.

उदयसिंह गेल्यावर त्याने खिशातून चष्मा काढला. आता टाळायला काही उरलं नव्हतं. चष्म्याच्या काडीच्या सांध्यात ज्वारीचं पीठ अडकलं होतं, ते त्याने काडीने कोरून काढलं. उजवं भिंग यंत्राच्या टोकावर ठेवलं, डोळा लावला. आत हिरव्या रेघा पसरलेल्या होत्या. त्याने चक्र तिच्या कोनावर नेऊन ठेवलं, तो कोन त्याला पाठ होता. रेघा तुटलेल्या दिसल्या असत्या, पायऱ्या पायऱ्यांनी एकमेकींना चुकवत गेल्या असत्या, तर भिंग फिरलेलं. सिद्रामप्पाने सबंध आयुष्यात रेघा तुटलेल्या दिसाव्यात म्हणून डोळा लावला नव्हता. त्याने हळूच दुसरं चक्र फिरवलं आणि रेघा जवळ आल्या, बारीक झाल्या, एकमेकींवर चढल्या आणि दाभणाने ओढाव्यात तशा एका सरळ ओळीत उभ्या राहिल्या. कुठेही केसाएवढी चूक नाही. त्याने डोळा काढला, चष्मा उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पाहिलं. दुसरं भिंग पाहिलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून टेबलावरचं दुसरंच एक भिंग लावून पाहिलं. यंत्र बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. तो असा कामगार होता की त्याच्याकडे चूक मागायला गेलं तरी मिळत नव्हती.

ऋतुजा दारात उभी होती. त्याच्याकडे बघूनच तिला कळलं असावं. ती आत आली आणि नुसती टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. "मी डॉक्टरांना फोन करून ठेवते, काका," ती म्हणाली. "उद्या सकाळीच या म्हणतील. आणि असं काही असलंच असं नाही बरं का. बऱ्याचदा बीपीनेसुद्धा होतं, आपोआप बरं होतं." तिच्या आवाजात खोटं नव्हतं, तेवढं मात्र त्याला बरं वाटलं. त्याने चष्मा पुसून परत खिशात ठेवला.

परतताना ऊन उतरलं होतं पण रस्ता अजून तापलेला होता. चालता चालता त्याने खोटं बोलायची तयारी केली. सांगायचं, फिरलं होतं. माझीच चूक. नवीन भिंग टाकलंय मागवायला. आजची रात्र तरी ती हसून झोपेल, त्याला चिडवेल, मल्लव्वाला ऐकवेल की बघ, एवढा मोठा कारागीर आणि बायकोचाच चष्मा बिघडवला. उद्या मात्र तपासायला म्हणून दवाखान्यात न्यायचं, तिथे काय ते कळेलच. एका रात्रीचं खोटं. चांगलं खोटं. त्याने ते वाक्य ओठांवर चार वेळा घोळवलं, फिरलं होतं, फिरलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते त्याच्या तोंडात दुसऱ्याच्या कवळीसारखं बसेना. बाळीवेशीच्या कोपऱ्यावर ओळखीच्या चन्नप्पा पानवाल्याने हाक मारली तरी तो थांबला नाही. त्याला वाटत होतं की थांबलं तर वाक्य सांडेल.

महानंदा भिंतीला टेकून सुपात ज्वारी निवडत बसली होती. जुना चष्मा नाकावर होता. तव्याखाली विस्तव नव्हता, भाकऱ्या आज सकाळच्या तेवढ्याच टोपलीत दिसत होत्या. वर भिंतीवर वडील कललेले.

"आलाव?" ती म्हणाली.

"व्हय."

तो पाणी प्यायला. तांब्या जागेवर ठेवला. सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आठवण होऊन खिशातला चष्मा परत काढून हातात घेतला. ती सुपातून मान वर न करता विचारती झाली, "बघितलाव?"

"बघितलं." वाक्य जिभेवर तयार होतं. त्याने तोंड उघडलं, आणि एवढी वर्षं त्या तोंडाला ज्या एका गोष्टीचं वळण पडलं होतं तीच त्यातून बाहेर आली. "भिंग बरोबर हाय," तो म्हणाला.

तिने सुपातला एक खडा वेचला, बाजूला टाकला. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "दुपारी ह्या जुन्यातनंबी फोटू बघितला. मामा ह्याच्यातबी तसंच सरळ. मग म्हनलं, एकदम दोन चष्मे कशाला बिघडतील? आन् तुमच्या हातचं भिंग फिरत न्हाय ओ. मी सकाळीच म्हनले हुते की."

तिच्या आवाजात अजून तो अभिमान होता. सिद्रामप्पाला तो सहन झाला नाही. तो तिच्यापुढे खाली बसला. उद्या दवाखान्यात जायचंय, ऋतुजाने डॉक्टरला सांगून ठेवलंय, डोक्याचा फोटो काढतील, दुखत नाही त्यात काही, असं त्याने भराभर सांगून टाकलं आणि ती प्रत्येक गोष्टीला "जाऊ की, जाऊ की" म्हणत राहिली. "यात्रेत तुज्यावर वरडलो," तो मध्येच म्हणाला. "काठ्या सरळ हुत्या म्हणून वरडलो." तिने जुना चष्मा काढला आणि नव्यासाठी हात पुढे केला.

त्याने तो हातात दिला नाही. फडक्याने दोन्ही भिंगं पुसली, आणि दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला घालतो तसा स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांवर चढवला. एक काडी, दुसरी काडी, कानामागचे पांढरे केस बाजूला करून. मग मागे सरून बघितलं. चष्मा दोन्ही बाजूंनी सारखा, ओळंब्यात बसला होता. महानंदाने त्याच्याकडे पाहिलं. बघता बघता तिची मान हळूहळू एका अंगाला कलत गेली आणि बोट आपोआप वर जाऊन उजव्या काडीखाली टेकलं. त्याचा चेहरा तिला कसा दिसत होता कोण जाणे. पण त्यावर जे होतं ते तिला तेवढ्या तिरकसातूनही दिसलं असावं.

"असं तोंड करू नका ओ," ती म्हणाली. "चार दिवसांत हुईल की सवय."

गिऱ्हाइकं हे ऐकून मान हलवायची. सिद्रामप्पानेही हलवली, आणि सूप जरासं आपल्याकडे ओढून तिच्यासमोर ज्वारी निवडायला लागला.